पाण्यातून काढल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या आत काय चालू असतं

नाशकात अ‍ॅल्युमिनियम म्हटलं की बहुतेकांना घरातली जर्मलची पातेली आठवतात नाहीतर स्लायडिंगच्या खिडक्या, आणि मत ठरलेलं, हलकं, स्वस्त, जरा आपटलं की पोचा येतो. मी अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलायच्या कामात आहे आणि हे मत ऐकलं की मला राहवत नाही, कारण याच धातूची विमानं आपल्या ओझरला बनतात. मिग झाली, सुखोई झाली, आता तेजस पण. तेजसमधे कार्बन फायबर बरंच आहे हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमचे अलॉय (मिश्रधातू) तिथेही आहेतच. मग पातेल्याला पोचा येतो आणि विमान आकाशात टिकतं, हे कसं?

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊच असतं, त्यात वाद नाही. ६०६१ नावाचा अलॉय घ्या, त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन असतं, बाकी सगळं अ‍ॅल्युमिनियम. हा अ‍ॅनिल करून, म्हणजे तापवून हळूहळू थंड करून मऊ केलेला असेल तर साधारण ५५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला कायमचा वाकायला लागतो आणि टी६ ही कडक करायची ट्रीटमेंट केलेला असेल तर २७५ च्या आसपास. म्हणजे पाचपट. केमिकल रिपोर्ट दोघांचा सेम! फरक फक्त भट्टी, पाणी आणि वेळ यांचा.

टी६ साठी आम्ही काय करतो तर जॉब, म्हणजे कामाला आलेला तुकडा, ५३० डिग्रीच्या आसपास तापवतो म्हणजे मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अणू अ‍ॅल्युमिनियममधे पूर्ण विरघळतात, मग भट्टीचं दार उघडून काही सेकंदात पाण्यात, याला क्वेंचिंग म्हणतात. पातळ पत्रा असेल तर हे दहा सेकंदांच्या आत व्हायला लागतं, उशीर झाला की तिथेच नुकसान सुरू. आणि आता गंमत, स्टील पाण्यात बुडवलं की लगेच कडक होतं, पण अ‍ॅल्युमिनियम पाण्यातून काढलं की मऊच असतं, इतकं की वाकडा झालेला जॉब तेव्हाच सरळ करून घेतात. कडकपणा नंतर येतो, १६० ते १७५ डिग्रीला आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त ठेवल्यावर. याला एजिंग म्हणतात.

हे सापडलं कसं तेही भारी आहे. आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन माणूस १९०६ मधे बर्लिनजवळ काम करत होता, त्याला बंदुकीच्या काडतुसांसाठी पितळेला पर्याय हवा होता. त्याने साधारण ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला अलॉय तापवून थंड केला, हार्डनेस घेतला, काही खास नाही. असं सांगतात की मधे सुट्टी आली, सोमवारी परत मोजलं तर तोच तुकडा बराच कडक! कोणी हातही लावला नव्हता. त्यातून ड्युरालुमिन आलं, झेपेलिन आणि सुरुवातीची धातूची विमानं त्याचीच. पण आत नेमकं काय झालं हे दिसायला १९३८ उजाडलं, फ्रान्समधे गिनिए आणि इंग्लंडमधे प्रेस्टन, दोघांनी वेगवेगळं काम करून एक्स-रेने दाखवलं की विरघळलेले तांब्याचे अणू धातूच्या अणूंच्या जाळीत फिरून एकत्र येतात, काही नॅनोमीटरचे झुबके बनवतात. धातू वाकतो तेव्हा अख्खा थर एकदम सरकत नाही, सतरंजीतली सुरकुती ढकलत न्यावी तसा एक दोष पुढे पुढे जातो, आणि हे झुबके त्याची वाट अडवतात. म्हणून कडकपणा. भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवलं तर झुबके मोठे आणि लांब लांब होतात, दोष मधून निसटतो आणि ताकद परत उतरते.

आता नाशिकवाल्यांसाठी महत्त्वाचं. पाण्यातून काढल्यावर हे अणू साध्या खोलीच्या तापमानालाही फिरतात, क्वेंचिंगमुळे जाळीत अणू नसलेल्या रिकाम्या जागा अडकून राहतात त्यांच्या आधाराने. त्यामुळे विमानाचे काही रिव्हेट हीट ट्रीट करून थेट फ्रीजरमधे ठेवतात, बाहेर राहिले तर ठोकायच्या आधीच कडक होतील. आणि ६०६१, ६०८२ अशा अलॉयमधे उलटा त्रास, क्वेंच करून जॉब शेडमधे दोन दिवस पडून राहिला तर नंतर भट्टीत कितीही नीट एजिंग करा, पूर्ण ताकद मिळत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे ४० डिग्री आणि डिसेंबरात निफाडकडून येणारी थंडी, या दोन्ही वेळी अणूंचा वेग एक कसा असेल?

यावर ऑस्ट्रियात लिओबेनच्या संशोधकांनी २०१४ मधे छान उपाय मांडला. अशा अलॉयमधे अगदी नगण्य कथिल घातलं, दहा हजार अणूंत एकही नाही इतकं. कथिलाचे अणू त्या रिकाम्या जागा पकडून ठेवतात म्हणून खोलीत काही होत नाही, आणि भट्टीत तापवलं की सोडून देतात. तिकडे ऑस्ट्रेलियात मोनाश युनिव्हर्सिटीने २०१९ मधे दाखवलं की भट्टीच नको, रूम टेंपरेचरला धातू शेकडो वेळा खेच-दाब केला तर त्याने नव्या रिकाम्या जागा तयार होतात आणि बारीक, सगळीकडे सारखे पसरलेले झुबके मिळतात, तेही तासन् तास नाही, मिनिटांत. सळई, पट्टीला हे जमेल, पण आम्ही करतो तसल्या वाकड्यातिकड्या हाउसिंगला (मशीनच्या कवचाला) सगळीकडे सारखा ताण देणार कसा, तिथे भट्टीच लागेल असं मला वाटतं.

तोपर्यंत निदान एवढं तरी करा. जॉबकार्डवर भट्टीचं तापमान आणि हार्डनेस सगळेच लिहितात, पाण्यात गेल्याची वेळ आणि एजिंगच्या भट्टीत गेल्याची वेळ मी बघितलेल्या बऱ्याच कार्डांवर नसते. सेकंड शिफ्टने क्वेंच केलं आणि एजिंग सोमवारवर ढकललं हे हार्डनेस कमी आल्यावर कोणाला आठवत नाही, मग मटेरियलला दोष देतात. अलॉयवाल्याशी भांडायच्या आधी हीट ट्रीटमेंट करणाऱ्या व्हेंडरकडे या दोन वेळा मागा.