आजीच्या कागदावर आजी

आज दिवसभर आजीचं पोर्ट्रेट करत बसले होते. ती आयुष्यभर शिवणकाम करायची. गळ्यांची, बाह्यांची तिची कागदी कटिंग्ज माझ्याकडे आलीत, जुन्या वर्तमानपत्रांतून कापलेली. त्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, त्यामुळे तो उजेडाने पिवळा पडतो आणि हात लावला की तुटतो. कडेने टाचण्यांची बारीक भोकं आहेत, एकाच जागी तीन-तीन. म्हणजे तो गळा तिने कितीदा तरी वापरला असणार.

मूळ कागद चिकटवायला हात धजेना. शेवटी लेझर प्रिंटवर कॉपी काढल्या (इंकजेटची शाई ओल्या माध्यमात पसरते, हे मागे एक चित्र गमावून शिकले). कॅनव्हासवर जेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तराचा, हात, त्यावर अॅक्रिलिक मीडियमने चिकटवलेले कागद, वर कोळसा आणि थोडा रंग. ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी 1912 मध्ये चित्रात कागद चिकटवले, तेव्हापासून ही वाट मोकळीच आहे. मला त्या वाटेवर यायला मात्र फार वर्षं लागली. आधी मी हुबेहूब चेहऱ्यामागेच धावायचे. सुरकुती सुटली तरी जीव कासावीस व्हायचा.

आज डावा गाल रंगवलाच नाही. बाहीच्या कटिंगची गोलाई तिथे अशी बसली, की ब्रश खाली ठेवला. मूळ कागदांपैकी एकच तुकडा लावला, बोटाएवढा, कपाळाशी. त्यावर तिच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय, ‘अर्धा इंच सोडणे’.