सिलिकॉन डिटेक्टरची कार्यक्षमता: अंतर आणि जाडी हाती आली, खालचं टोक बाकी

माझ्या क्ष-किरण डिटेक्टरचं एनर्जी कॅलिब्रेशन (कोणता सिग्नल म्हणजे किती ऊर्जा, हे ठरवणं) पक्कं झालंय, पीक (आलेखातले ठराविक ऊर्जेचे उंचवटे) आपापल्या जागी बसतात. त्यामुळे या टप्प्यात सगळा वेळ कार्यक्षमतेला दिला. सोर्समधून (किरणोत्सारी स्रोतातून) निघालेल्या फोटॉनपैकी नेमके किती पीकमध्ये उतरतात, ते ऊर्जेनुसार काढायचं. डिटेक्टर कागदोपत्री 500 मायक्रॉन जाड सिलिकॉनचा, समोर 25 मायक्रॉनची बेरिलियमची खिडकी. सोर्स सीलबंद आणि तीव्रतेच्या दाखल्यासह घेतलेले: आयर्न-55, कॅडमियम-109, अमेरिशियम-241.

सुरुवात अंतरापासून केली, आणि माझ्या मते प्रत्येकाने तिथूनच करावी. कॅलिपरने मोजता येतं ते खिडकीपर्यंतचं अंतर. सिलिकॉन त्याच्या आत बसलेला असतो, सोर्समधला किरणोत्सारी थरही आवरणाच्या मागे असतो. ही लपलेली भर 2 मिमी असली, तरी 10 मिमीवर काउंट अपेक्षेपेक्षा सुमारे 31 टक्के कमी येतात. 50 मिमीवर तोच फरक साडेसात टक्क्यांवर येतो. म्हणून कॅडमियम-109 च्या 22.1 केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) पीकचा दर वेगवेगळ्या अंतरांवर घेतला आणि 1 भागिले दराचं वर्गमूळ हा आकडा अंतरासमोर मांडला. सरळ रेषा मिळते. ती मागे वाढवली की शून्याच्या डावीकडे अक्षाला जिथे छेदते, तेवढी लपलेली भर. माझी 2 मिमीच्या किंचित वर आली. 22 केईव्ही मुद्दाम घेतली, कारण या ऊर्जेला हवा जवळजवळ अडवतच नाही. अगदी जवळचे बिंदू फिटमध्ये धरले नाहीत. तिथे सोर्सला बिंदू मानता येत नाही, शिवाय डेड टाइम (एक फोटॉन नोंदवताना डिटेक्टर पुढचा घेऊ शकत नाही तो वेळ) वाढतो.

अंतर सुटलं की जाडीचा प्रश्न सोपा होतो. 10 केईव्हीला 500 मायक्रॉन सिलिकॉन जवळजवळ सगळं शोषतो, 15 ला सुमारे 70 टक्के, 22 ला जेमतेम एक तृतीयांश. 59.5 ला पूर्ण ऊर्जेच्या पीकमध्ये दीड-दोन टक्केच उरतात. म्हणजे जाडी कुठे तपासायची, तर या उतारावर. जाडी 450 मायक्रॉन असती, तर 22 केईव्हीची कार्यक्षमता साडेबत्तीस टक्क्यांवरून तीसच्या खाली गेली असती, आणि एवढा फरक चांगल्या मोजणीत सहज दिसतो. माझे बिंदू 500 च्या वक्रावर बसले. बिंदूंमधून नुसती बहुपदी ओढायची पद्धत मला पटत नाही. खिडकी, हवा आणि सिलिकॉन यांचं भौतिकशास्त्र माहीत आहे, तर वक्राचा आकार त्यातूनच घ्यावा आणि मोजमापाने तो जागेवर बसवावा.

अमेरिशियमचे नेप्च्युनियम एल-किरण (क्षयातून बनलेल्या नेप्च्युनियमचे क्ष-किरण: 13.9, 17.8, 20.8 केईव्ही) नेमके या उतारावर पडतात, त्यामुळे मोह होतो. पण सोर्सच्या आवरणातून त्यातले किती बाहेर येतात, ते आवरणाच्या धातूवर आणि जाडीवर ठरतं. दाखल्यात बाहेर पडणारा दर दिलेला नसेल, तर 26.3 आणि 59.5 वरच भिस्त ठेवावी. धूरशोधकातली अमेरिशियमची पट्टी काढून तर मुळीच वापरू नका: वरचा पातळ थर ओरखडला तर अल्फा देणारा पदार्थ मोकळा होतो.

दाखल्यावरच्या तारखेपासूनचा क्षय धरायला विसरू नये. आयर्न-55 चं अर्धायुष्य पावणेतीन वर्षं, कॅडमियम-109 चं सव्वा वर्ष.

आयर्न-55 ने वेगळीच गोष्ट दाखवली. 5.9 केईव्हीला 25 मायक्रॉन बेरिलियम सव्वा टक्काच अडवतं, पण 5 सेंमी हवा 14 टक्क्यांच्या आसपास खाते. म्हणजे या सोर्सवरून खिडकीची जाडी कळणं कठीण. हवेचं तापमान आणि दाब न नोंदवता केलेली मोजणी मात्र हमखास गंडते. 4.16 केईव्हीचा एस्केप पीक (सिलिकॉनचा स्वतःचा क्ष-किरण निसटून गेल्याने तेवढी ऊर्जा कमी नोंदली जाते तो) मी मुख्य पीकमध्ये मिळवत नाही, मॉडेलमध्ये वेगळा धरतो.

खिडकीसाठी 3 केईव्हीच्या खाली उतरावं लागेल. 1 केईव्हीला हीच खिडकी फक्त सहा टक्के जाऊ देते, 2 ला सत्तर. पण 2 केईव्हीला 1 सेंमी हवाही जवळजवळ निम्मे फोटॉन गिळते, म्हणून मार्गात हेलियम भरायची सोय करतोय. किरण पाडून त्याचे स्वतःचे क्ष-किरण मोजायचा नमुना कॅल्शियम सल्फेटच्या दाबलेल्या गोळीचा ठरवलाय: गंधक 2.31 वर, कॅल्शियम 3.69 वर, आणि दोघांच्या अणूंचं प्रमाण एकास एक. एवढ्या कमी ऊर्जेला पृष्ठभागही महत्त्वाचा ठरतो, म्हणून कोणी अशा गोळीच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजून दुरुस्ती केली असेल, तर ती कशी केली ते जरूर लिहा.