बाजाराच्या पिशवीतली दुर्बीण

रत्नागिरीत गळ्यात दुर्बीण अडकवून रस्त्याने चालणारी बाई दिसली, तर बघणाऱ्याच्या मनात पक्षी येत नाहीत, मोजणी येते. कोकणात कुणी जमिनीच्या दिशेने जरा टक लावून बघितलं की सातबाऱ्यावरची सगळी नावं खडबडून जागी होतात. 'कसला सर्व्हे चाललाय?' 'रस्ता आमच्या आगरातनं जाणार काय?' यावर 'नाही हो, हळद्या बघत्ये' असं खरं उत्तर दिलं, तर संशय आणखी वाढतो. इतकं लपवताहेत म्हणजे प्रकरण मोठं असणार! त्यामुळे माझी दुर्बीण बाजाराच्या कापडी पिशवीत असते, कोथिंबिरीच्या जुडीखाली. मासळीची पिशवी वेगळी. दुर्बिणीला बांगड्याचा वास लागला की ती डोळ्याला लावताना भूक लागते आणि निरीक्षणात लक्ष राहत नाही.

पक्षी बघणारी माणसं साधारणपणे लांब जातात. कुणी देवरुखकडे धनेश बघायला, कुणी तिलारीच्या रानात, कुणी फणसाडला. जावं, अवश्य जावं. ढोलीचं तोंड लिंपून धनेशाची मादी आत बसते आणि महिनोन्महिने नर बाहेरून एका फटीतून तिला फळं भरवतो, हे ज्याने बघितलं त्याला पुढे काही दिवस स्वतःच्या संसाराबद्दल मोठ्याने बोलवत नाही. पण नोकरी, सासूबाईंची औषधं आणि नेमका रविवारी संपणारा गॅस यांच्यातून माझ्या वाट्याला येतो तो बाजारचा रस्ता. आणि माझं मत विचाराल तर विज्ञान म्हणून हा रस्ता जंगलापेक्षा अवघड आहे. जंगलात पक्षी आपल्या वेळापत्रकाने वागतो. इथे त्याने आपलं वेळापत्रक पाठ केलेलं असतं, आणि त्याचं मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

मिरकरवाडा बंदरावर हे फार स्पष्ट दिसतं. मच्छीमार बोटी धक्क्याला लागायच्या आधीच घारी येऊन बसलेल्या असतात. साधी तपकिरी घार आणि ब्राह्मणी घार, दोघी एकाच हवेत. ब्राह्मणी घारीचं विटकरी अंग आणि पांढरं डोकं उन्हात लगेच ओळखू येतं, पण ढगाळ दिवशी सगळ्याच काळ्या दिसतात, तेव्हा शेपटी बघायची. साध्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली, ब्राह्मणीची गोल. हे मी एका पाहुण्याला समजावून देत होते, तर पलीकडून मासेवाली मावशी म्हणाली, "घारी कसल्या बघताय वहिनी, हलवा बघा." हलवा बघितला. घेतलासुद्धा. मग तो साफ करता करता तिने सांगितलं की तिचे वडील दर्यात पाखरं कुठे घोंगावताहेत ते बघून जाळं टाकायचे. पाण्यात वर आलेल्या माशांच्या थव्यावर सुरय पक्षी सूर मारत असतात, ते लांबून दिसतं. म्हणजे पक्षिनिरीक्षण तिच्या घरात पिढीजात होतं, फक्त त्याचे पैसे मिळत होते. आमच्या छंदात हा भाग नाही.

थंडीत बंदरावर कुरव, म्हणजे सीगल, येतात. त्यातल्या एकाचं नाव काळ्या डोक्याचा कुरव, आणि तो आपल्याकडे असतो तेव्हा त्याचं डोकं असतं पांढरं. डोळ्यामागे काजळाचं बोट पुसल्यासारखा एक ठिपका, एवढाच काय तो काळा. नवख्या माणसाची इथे पार दांडी उडते. शिमग्याच्या सुमाराला पिसं बदलायला लागतात, डोकं काळपट गडद होत जातं, आणि नावाला जागायची वेळ झाली की स्वारी उत्तरेला निघून जाते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, बंदर सामसूम. कुरव तोवर गेलेले, पण घारी इथल्याच. त्या कोंबडीच्या दुकानांमागे आणि कचऱ्याच्या ढिगांवर दिसायला लागतात. आमच्या गल्लीत पावसाळ्यात घारी वाढल्या की मासे महागलेत हे मंडईत न जाता कळतं.

दुसरं वेळापत्रक समुद्राचं, आणि ते सासूबाईंना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे कोकणातलं जुनं गणित. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या तोंडावर भरती आणि पहाटे पाचच्या आसपास ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबासाठी सोपा केलेला आकडा. मोबाइलवरच्या तक्त्याशी थोडं मागेपुढे होतं, पण सासूबाईंची पाऊणकी रेंज नसतानाही चालते. मी "आई, उद्या भाट्याला कधी जाऊ?" विचारलं की त्या कॅलेंडरकडे मान वळवून वेळ सांगतात, वर "येताना शहाळं आण" हेही सांगतात.

भाट्याच्या खाडीवर ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखले, तुतवार, कर्ल्यू अशी मंडळी उतरतात. एकाच चिखलावर इतके जण कसे जेवतात, हा प्रश्न पहिल्यांदा मला चोचींनी सोडवून दाखवला. चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्यांनी हेरतो, चार पावलं धावतो आणि वरचं टिपतो. कर्ल्यूची वाकडी चोच खोलवर खेकड्यांच्या बिळात जाते. अशा चाचपणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या संवेदी पेशी दाटीने असतात, त्यामुळे आत काय आहे ते त्यांना न बघता कळतं. काहींना तर चोच चिखलात असताना नुसतं तिचं टोक उघडता येतं. एकाच ताटात वाढलेलं, पण प्रत्येकाचा चमचा वेगळ्या मापाचा.

पुळणीवर सँडरलिंग नावाचे छोटे तुतवार असतात. लाट मागे गेली की तिच्या मागे धावायचं, आली की पुढे पळायचं, दिवसभर हेच. त्यांना पायाचं मागचं बोट नसतं. बाकीच्या तुतवारांना ते असतं, पण वाळूत पळणाऱ्याला त्याचा उपयोग काय! हा पक्षी पिल्लं घालतो पार उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, आणि हिवाळ्यात आमच्या भाट्याला भेळेच्या गाड्यांसमोर पळत असतो. रविवारी संध्याकाळी आईबाप लेकरांना हौसेने सांगतात, 'जा, उडव त्यांना, मी व्हिडिओ काढतो.' थवा उडतो, सुंदर दिसतो, पुन्हा बसतो, पुन्हा उडवतात. परतीच्या हजारो किलोमीटरसाठी अंगात साठवायची चरबी अशी दर व्हिडिओमागे थोडी थोडी जळते. मी दोनचारदा सांगून बघितलं. एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही वनखात्यातल्या का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मुलाला पुन्हा पाठवलं.

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप आल्यापासून घरातही थोडी प्रयोगशाळा झाली आहे. मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. ते आवाजाचं चित्र करतं आणि ते चित्र ओळखीच्या चित्रांशी ताडून बघतं. म्हणजे ते ऐकत नाहीच, बघतं. मिक्सर चालू असताना त्याची पंचाईत होते. आणि आमच्या मागच्या आगरात भृंगराज पक्षी आहे, तो पक्का नकलाकार. लांब शेपटीची दोन पिसं मागे मिरवत तो शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब ओरड काढतो, ॲप शिक्रा म्हणून नोंद करतं, आणि खालच्या कोंबड्या मात्र निवांत दाणे टिपत राहतात. कोंबड्या फसत नाहीत, यंत्र फसतं. मी अजून कोंबड्यांच्या बाजूची आहे.

आवाजाचंच बोलायचं तर महामार्ग रुंद झाल्यापासून एक गोष्ट मनात घोळते. हॉलंडमधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला होता. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या भागातले नर आपल्या गाण्यातले खालचे सूर गाळून वरच्या पट्टीत गातात, असं त्यात दिसलं, कारण रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते. आमच्या नाक्यावरचा दयाळ असं काही करतो का, ते नुसत्या कानाला कळत नाही. एवढं मात्र कळतं की त्याच्या विजेच्या खांबावर नवा पांढरा दिवा लागल्यापासून तो आगरातल्या भाऊबंदांच्या बराच आधी, अगदी अंधारात सुरू होतो. दूधवाल्याच्याही आधी. सासूबाई म्हणतात, "त्याला झोप लागत नसेल, मला तरी कुठे लागते?" दिव्याचा एक बळी मी बघितला आहे. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी दक्षिणेकडून येतात, रात्री प्रवास करतात, आणि भुलून उजेडाकडे, काचांकडे जातात. एका कार्यालयाच्या काचेच्या दाराशी सकाळी असा एक निजलेला सापडला. पोटाखाली लाल, पंखावर निळा, डोळ्यावर काळी पट्टी. शिपाई म्हणाला, "कुणीतरी पाळलेला असणार, एवढा रंगीत आहे."

अंगणातून होणाऱ्या विज्ञानाला कुणी नाक मुरडलं की मी किहीमचं नाव घेते. १९३० साली सलीम अली जर्मनीतून शिकून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशाअभावी गेली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले, आणि ऐन पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांकडे बघत बसले. त्या बघण्यातून कळलं ते असं: नर घरटं अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन तपासणी करतात, एखादी पसंत करते, मग तो उरलेलं पुरं करतो, आणि तिने अंडी घातली की हा दुसरं घरटं सुरू करतो, दुसरीसाठी. शतकानुशतकं लोक त्या घरट्यांखालून विहिरीचं पाणी भरत होते, आणि हे घरगुती प्रकरण कुणी नीट टिपून ठेवलेलं नव्हतं. नोकरी असती तर कदाचित त्यांनाही जमलं नसतं. हे मी रजेच्या अर्जात लिहीत नाही, एवढंच.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात मात्र माझा भाव वाढतो. वर्षभर पिशवीकडे संशयाने बघणारे शेजारी फोन करतात, "तुम्ही पक्षीवाल्या ना? कावळा कुठे मिळेल?" पान गच्चीवर ठेवलेलं, वडे निवत चाललेले, पोरं भुकेने कावलेली, आणि आजोबांची नेमकी कुठली इच्छा राहिली यावर घरात वाद पेटलेला. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी एक प्रयोग केला होता. एक ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा कुणीही घातला की कावळे त्याच्यावर कर्कश ओरडत, आणि पुढे तर कधीच न पकडलेले कावळेही त्यात सामील झाले. ते कावळे अमेरिकेतले, जात वेगळी. पण आपला गावकावळा त्याहून मंद असेल असं मला बंदरावर तरी कधी वाटलं नाही. वैशाखात फणसाच्या साठांवरून ज्याला दगड मारून हाकललं, त्याला भाद्रपदात त्याच चेहऱ्याने 'ये रे बाबा' म्हणायचं!

शेजारच्या वहिनींना मी हे सांगितलं, आणि वर माझा स्वतःचा एक सिद्धांतही सांगितला. पान ठेवतात दुपारी. अष्टमी-नवमीला दुपारी ओहोटी, म्हणजे कावळे किनाऱ्यावर खेकडे-शिंपले वेचायला गेलेले. सर्वपित्रीला दुपारी भरती, म्हणजे कावळे रिकामे, छपरावर बसलेले. तेव्हा पान पटकन शिवलं जातं ते पितरांच्या समाधानामुळे की भरतीमुळे?

वहिनींचं माहेर साखरतरचं, घरच्या होड्या. त्या म्हणाल्या, "अष्टमीला भांगाचं पाणी, भरती-ओहोटी दोन्ही लहान. भांगात दर्या मागे जातोच कुठे एवढा?"

"कावळ्याला लागतो कितीसा चिखल?"

"तसं नाय चालायचं. लिहून काढा."

मग आम्ही वहीत रकाने आखले. घर, तिथी, पान ठेवल्याची वेळ, कावळा शिवल्याची वेळ. गल्लीतल्या घरांना वहिनी स्वतः विचारणार, कारण मी विचारलं तर पुन्हा मोजणीचा संशय. त्यांनी एकच गोष्ट आधी ठरवून घ्यायला सांगितली आहे: गेल्या वर्षी समोरच्यांचं पान मांजराने नेलं, तसली नोंद कुठल्या रकान्यात लिहायची.