आमची वाटचाल: भोसरीतला फर्मेंटर

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिनच्या टाक्यांवर हात बसलेले फिटर-वेल्डर या पट्ट्यात तयार झाले. आमचे दादा त्यांतलेच. पुढे त्यांनी भोसरी एमआयडीसीत शेड घेतली. मोठे प्लांट करणारे बरेच होते. दादांनी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांसाठी ५ लिटरपासून ५०० लिटरपर्यंतचे फर्मेंटर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या बंद टाक्या, करायचं ठरवलं. मेम्ब्रेन फिल्ट्रेशनचे, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायचे, स्किड (एकाच सांगाड्यावरची पंप-पाइपांची जुळणी) मी आल्यावर सुरू झाले.

आमचा खरा माल म्हणजे वेल्ड. ३१६एल या स्टेनलेस स्टीलला आतून आर्गन वायूचा पर्ज (हवा हाकलणारा झोत) नीट दिला नाही की मागच्या बाजूला शुगरिंग होतं, म्हणजे जोड साखरेसारखा दाणेदार होतो. त्या खरबरीत फटीत ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रावण) अडकतो, आणि १२१ अंशांची वाफ देऊनही बॅच कंटॅमिनेट होते. दादा आतल्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं की पुन्हा ग्राइंडर. इलेक्ट्रोपॉलिश त्यानंतर. ती सवय आजही शेडमध्ये प्रत्येकाला आहे.

एका विद्यापीठाच्या ऑर्डरीनं मात्र आम्हाला बुडवायचंच बाकी ठेवलं होतं. तीन फर्मेंटर आणि मेम्ब्रेन गाळणीचा एक क्रॉसफ्लो स्किड. पत्रा, मेकॅनिकल सील, डीओ प्रोब (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा), सगळं सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटवर, उचललं. टाक्या वळून तयार असताना टेंडर रद्द झालं, नव्यानं निघालं आणि दुसऱ्याच एका कंपनीला एल-वन (सर्वांत कमी दराची) म्हणून गेलं. त्यांचं ड्रॉइंग पाहिलं तेव्हा हात थरथरले. सॅम्पलिंग पोर्ट (नमुना काढायचं तोंड) पूर्ण निथळावा म्हणून आम्ही १५ अंश खाली झुकवतो. तोही तसाच, त्याच उंचीवर! आमच्या टेक्निकल बिडमधला कागद त्यांच्या टेबलावर कसा गेला, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. आमचा सर्वांत चांगला वेल्डरही त्यांनीच नेला. बँकेची पत्रं येऊ लागली. दादांनी लेथ विकायला काढलं.

तेव्हा पाठीशी उभ्या राहिल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडम. त्यांचं काम लॅक्टिक आम्लावर. आम्ल साचलं की तेच जिवाणूंची वाढ रोखतं, म्हणून ब्रॉथ होलो फायबर मेम्ब्रेनच्या पोकळ नळ्यांमधून फिरवायचा, पेशी परत फर्मेंटरमध्ये आणि आम्ल पर्मिएटमध्ये, म्हणजे गाळून आलेल्या पाण्यात, बाहेर. त्या पडून असलेल्या टाकीलाच स्किड जोडून द्या म्हणाल्या, आणि आगाऊ रकमेसाठी फाईल घेऊन स्वतः वित्त विभागात जाऊन बसल्या. लेथ वाचलं.

पुढची वर्षं बरी गेली. उधारीचं दुखणं तेवढं कायम आहे. २००६ च्या कायद्यात लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्या असं लिहिलंय; पण मार्चअखेर विद्यापीठाची न वापरलेली ग्रँट लॅप्स झाली की आम्ही पुढच्या वर्षाच्या रांगेत.

नव्या संशोधकांना दोन गोष्टी सांगतो. मेम्ब्रेन बसवल्यावर ब्रॉथ घालण्याआधी शुद्ध पाण्याचा फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला किती पाणी जातं ते) मोजून, दाब आणि तापमानासकट वहीत लिहा. धुतल्यावर मेम्ब्रेन किती सावरलं हे त्या आकड्याशिवाय कळत नाही. आणि फेस दिसला की सिलिकॉन अँटिफोम ओतत सुटू नका. ते मेम्ब्रेनवर बसलं तर कॉस्टिक सोड्यानंही सहज सुटत नाही.

लहान कारखानदारांनाही एक सांगणं आहे. आम्ही आता टेक्निकल बिडला फक्त जीए ड्रॉइंग, म्हणजे एकूण मांडणीचं ढोबळ चित्र, लावतो. नोझलची (टाकीच्या तोंडांची) मापं पर्चेस ऑर्डर हातात पडल्यावर.