मावशी, आधी कुठं राहत होत्या?

थंडी सुरू झाली की आपल्या नागपुरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात ना, तशाच एका स्टॉलवरच्या मावशीची बायोप्सी मागच्या हिवाळ्यात आमच्या लॅबमध्ये आली. मी पॅथॉलॉजीत रेसिडेंट आहे. फॉर्मवर एवढंच, लिव्हरमध्ये गाठ, कॅन्सरचा संशय. आधीच्या एका हॉस्पिटलनं तर कॅन्सरच आहे, घरी न्या असं सांगूनही टाकलं होतं, याचा मला आजही राग येतो.

स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी कुठंच नव्हत्या. मेलेला टिश्यू आणि त्यात चुरगळलेल्या कागदासारखे पापुद्रे, पीएएस नावाचा रंग (स्टेन) लावला तर ते गडद गुलाबी झाले. मॅडम म्हणाल्या हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्याच्या टेपवर्ममुळे लिव्हरमध्ये पाण्याची गाठ होते त्या आजाराच्या, जातीचं दिसतंय, पण सीटीत पाण्याची गोल गाठ नाहीये, जा, बाई मूळची कुठली ते विचारून ये.

हायडॅटिड आम्हा डॉक्टरांना माहीत असतो, मेंढ्या पाळणाऱ्यांमध्ये दिसतो. हा त्याचा भाऊबंद, एकायनोकोकस मल्टिलॉक्युलॅरिस, कोल्ह्या-कुत्र्याच्या आतड्यातला जेमतेम काही मिलिमीटरचा टेपवर्म. विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये हळूहळू पोखरत पसरतो, अगदी कॅन्सरसारखा, आणि ५ ते १५ वर्षं पेशंटला पत्ताच नसतो. जगातल्या ९० टक्क्यांच्या वर केसेस एकट्या चीनमध्ये आणि त्यातही तिबेटी पठारावर जास्त, मग नागपुरात हे कोणाच्या डोक्यात येणार?

वॉर्डात जाऊन विचारलं, मावशी, आधी कुठं राहत होत्या? १२ वर्षांपूर्वी सिचुआनकडच्या गावातून आली म्हणे. घरी कुत्री होती का? त्यावर ती हसलीच, कुत्र्याशिवाय याक राखणार कोण. इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं!

सर्जननं गाठ पूर्ण काढली, आता निदान २ वर्षं अल्बेंडाझोल हे जंताचं औषध, तेही तेला-तुपाच्या जेवणासोबत, नाहीतर अंगी लागत नाही, आणि मधूनमधून लिव्हरची ब्लड टेस्ट. डिस्चार्जच्या दिवशी तिनं विचारलं, माझ्यापासून पोरीला होईल का? माणसाकडून माणसाला नाही होत, पण पोरगीही त्याच घरात, त्याच कुत्र्यांत वाढलेली, म्हणून तिचीही सोनोग्राफी करून घेतली. लिव्हर साफ निघालं, तेव्हा कुठं मावशी घरी जायला उठली.