अनोळखी पुरुष, वय अंदाजे 60

नांदेडला मनोविकार वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, अनोळखी पेशंट येतात कुठून? ती रेल्वे स्टेशनकडं बोट दाखवेल. अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस इथं येऊन थांबते. हैदराबाद, मनमाड, आदिलाबादकडच्या गाड्या इथून जातात. आणि गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, नाव-गाव-जात न विचारता कुणालाही पंगतीत बसवून जेवू घालतात. घरातून निघालेला, भान हरपलेला माणूस या शहरात वर्षानुवर्षं तग धरतो. त्याच्याकडं लोकांचं लक्ष जातं ते पाय सडल्यावर.

फौजीकाका असेच आले. त्यांचं नाव-गाव इथं लिहीत नाही. वॉर्डात आम्ही त्यांना याच नावानं हाक मारायचो, पण ते फौजी आहेत हे कळायलाच बरेच दिवस गेले, आणि मला सांगायचंय ते त्याच दिवसांबद्दल.

जुलैची झड लागली होती. स्टेशनबाहेर पडून असलेल्या या माणसाला एका पोलीस हवालदारानं रिक्षात घालून आणलं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 100 आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. त्या हवालदारांनी यातलं सगळं केलं. शिवाय जाताना पदरच्या पैशातून आणलेला बिस्किटाचा पुडा मावशींच्या हातात देऊन गेले. हे मुद्दाम लिहितेय, कारण असं वागणारे पोलीस मी बरेच पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. रजिस्टरला नोंद झाली : अनोळखी पुरुष, वय अंदाजे 60.

उजव्या पायाला घोट्याखाली चिंधी बांधलेली होती आणि ती मांसाला चिकटून बसली होती. सलाईन ओतून, भिजवून भिजवून ती सोडवली. आत अळ्या होत्या. टर्पेन्टाईनमध्ये भिजवलेला गॉज जखमेवर ठेवला की त्या गुदमरून वर येतात, मग एकेक फोर्सेपनं धरून काढायची. खोल कप्प्यात शिरलेल्या पहिल्या दिवशी निघतच नाहीत, रोज तेच करावं लागतं. वासानं शिकाऊ मुली तोंड दाबून बाहेर जातात. त्यांना मी काही म्हणत नाही, सवयीनं जमतं ते.

पण काका पायाला हातच लावू देईनात. पाय पोटाशी आखडून घ्यायचे आणि नजर सगळा वेळ दारावर. म्हणून मी प्रत्येक गोष्ट आधी सांगायला लागले. "काका, आता पाणी टाकते, थंड लागंल." "आता चिमटा लावायलेय." "आता थोडं दुखंल, मग थांबते." सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि थांबते म्हटलं की खरंच थांबायचं. असं करत करत त्यांनी पाय लांब केला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. दुखत नव्हतं असं नाही, पायाची बोटं ताठ झालेली मला दिसत होती.

कॉटवर ते झोपायचे नाहीत. कॉटखाली, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं. एका पहाटे आमच्या वॉर्डबॉय मामांनी चहासाठी त्यांचा खांदा हलवला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मामांचा गळा काकांच्या हातात! "सिस्टर, धावा, मारायलाय त्यो!" आम्ही तिघा-चौघांनी मिळून सोडवलं, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. काका मात्र आमच्यापेक्षा जास्त घाबरलेले दिसत होते. घामानं डबडबलेले, आपल्याच हातांकडं बघत बसलेले.

बांधून ठेवा, असं दोघंतिघं म्हणाले. कायद्यानं बांधणं हा अगदी शेवटचा उपाय आहे, तोही जीवाला तातडीचा धोका असेल तरच, मानसोपचार तज्ज्ञांच्या परवानगीनं आणि लेखी नोंद करून. मी म्हणाले, माणसाला बांधायच्या आधी आपली उठवायची पद्धत बदलून बघू. पायाच्या बाजूला, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर उभं राहायचं. आधी आवाज द्यायचा. डोळे उघडून त्यांनी आपल्याला पाहिलं की मगच जवळ जायचं. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कॉटला चिकटवलं. त्यानंतर त्यांनी कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. झोपेत हात लागल्यावर जो माणूस असा उठतो, तो कधीकाळी अशा जागी झोपलेला असतो जिथं हात लागणं म्हणजे मरण. ही गोष्ट तेव्हाच माझ्या मनात घोळायला लागली होती.

रात्री ते उठून फिरायचे. एकेका कॉटपाशी थांबायचे, बोट उचलायचे, पुढं जायचे. सगळा वॉर्ड झाला की नर्सिंग टेबलासमोर येऊन काहीतरी पुटपुटायचे आणि परत कॉटखाली. केसपेपरवर "रात्री वॉर्डात भटकतो, पुटपुटतो" अशी नोंद होत होती. एका नाईटला मी हातातलं काम ठेवून कान देऊन ऐकलं.

"नफरी पूरी, साब."

माझे सासरे सुभेदार होऊन रिटायर झालेले. घरी लग्नकार्य असलं की पंगतीतली माणसं मोजताना "नफरी किती झाली रे?" असं ओरडायचे. फौजेत माणसांच्या हजेरीला नफरी म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि म्हणाले, "ठीक है जवान. आराम करो." काकांनी त्या पट्टी बांधलेल्या पायानं टाचा जुळवल्या आणि गेले. त्या रात्री ते पुन्हा उठले नाहीत.

दुसऱ्या रात्री येऊन म्हणाले, "एक कम है." हदगावकडच्या एका पोराला संध्याकाळी सुट्टी झाली होती, त्याची कॉट रिकामी होती. मी सांगून बघितलं, पटेना. शेवटी डिस्चार्ज रजिस्टर उघडून समोर ठेवलं. त्यांनी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं, पोराच्या नावावर बोट टेकवलं.

"कागज पे है तो ठीक है," म्हणाले. मग तिथंच उभे राहिले. "उस दिन कागज पे भी नहीं था."

"कुठल्या दिवशी, काका?"

"जाफना."

मी सासऱ्यांच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. "जवान, नंबर बोलो." आणि दवाखान्यात आल्यापासून स्वतःचं नावसुद्धा न सांगितलेल्या त्या माणसानं सात आकडी आर्मी नंबर एका दमात सांगितला. मागोमाग रँक, नाव, पलटण. मराठा लाइट इन्फंट्री. मी तळहातावर लिहून घेतलं, कारण कागद शोधायला वळले तर ते थांबतील अशी भीती वाटली.

आपल्याकडं कारगिल सगळ्यांना माहीत आहे, श्रीलंका फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. 1987 च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना तिकडं गेली, आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढाई पेटली. 1990 च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली, तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते. 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते याच मोहिमेतलं. मराठा आणि महार या दोन्ही रेजिमेंटमध्ये मराठवाड्यातल्या गावागावांतली पोरं आहेत, म्हणजे ती लढाई आपल्याही घरात येऊन गेलेली आहे.

आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, स्किझोफ्रेनिया साधारण ज्या वयात डोकं वर काढतो त्याच वयात पोरं भरती होतात. आजार आतून आला की लढाईनं आणला, हे तीसेक वर्षांनंतर सोडवून सांगणं अवघड आहे. भास आहेत, संशय आहे, त्यावर रिस्पेरिडोन चालू राहील. दचकणं आणि पहारा आहे, त्यावर तुमचं चाललंय ते चालू ठेवा. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं हे मला माहीत होतं, सासऱ्यांना घेऊन मी तिथं गेलेली. नंबर दिला. तिथले अधिकारी, स्वतः माजी सैनिक, दुसऱ्याच दिवशी वॉर्डात आले. साध्या कपड्यात. काका कॉटवरून उठून उभे राहिले, साहेबांनी बसवलं आणि शेजारी बसून घटकाभर पलटणीचंच बोलले. आजाराचा एक शब्द काढला नाही. रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं आणि कागद आले. 1983 ची भरती. 1992 ला मेडिकल बोर्डानं घरी पाठवलेलं. कारण मानसिक आजार, आणि पुढं शेरा : सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.

त्या एका शेऱ्यावर काय काय अडलं ते मला साहेबांनी समजावून सांगितलं. जवानाला पेन्शन लागायला 15 वर्षं सेवा लागते, यांची नऊ. आजार सेवेमुळे धरला असता तर डिसेबिलिटी पेन्शन मिळाली असती. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं कार्ड नाही, म्हणजे फौजेच्या योजनेतले उपचार नाहीत. ज्या आजारानं नोकरी गेली त्याच आजाराच्या औषधालाही तो माणूस मुकला. 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं धरून चालायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. पण हा निकाल येईपर्यंत काका रस्त्यावर होते. त्यांना तो कोण सांगणार?

कागदावर पत्ता होता उमरगा भागातला. पोलीस त्या पत्त्यावर गेले, तर तिथं गावच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जी गावं पडली, त्यातली 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली, त्यातलं हे एक. नव्या गावठाणात पुतण्या सापडला. तो पहिल्यांदा आला तेव्हा दारातच अडखळला. "आम्ही तर त्यांचं सगळं करून टाकलं व्हतं, सिस्टर," एवढंच म्हणाला आणि डोळ्याला रुमाल लावला. मग सांगितलं : फौजेतून आल्यापासून काका गप्प गप्प असायचे. भूकंपात बरीच माणसं गेली. नव्या गावात घर मिळालं, सरळ रांगेतली घरं, रुंद रस्ते. काका तिथं राहीनात. "हे आपलं गाव न्हाई" म्हणायचे आणि जुन्या गावठाणातल्या दगडांवर जाऊन बसायचे. एक दिवस तिथूनही निघून गेले. शोधणारा भाऊ पुढं वारला.

पुतण्याला घेऊन गेले तर काकांनी ओळखलं नाही. भावाचं नाव सांगितल्यावर मात्र विचारलं, "विहिरीला पाणी हाय का?" पुतण्या म्हणाला, "हाय की काका. जुन्याच हिरीचं पानी प्यायलोत आपण अजून." त्यावर काकांनी त्याला कॉटवर बसायला जागा दिली.

घरी न्यायचं म्हटल्यावर पुतण्याची बायको धास्तावलेली होती आणि तिचं चुकत नव्हतं, घरात लहान लेकरं. मी तिच्याशी वेगळी बोलले. उठवायचं कसं ते करून दाखवलं. दिवाळीत फटाके वाजायच्या आधी सांगून ठेवायचं, शक्य तर आतल्या खोलीत बसवायचं. रात्री मोजायला उठले तर "चूप झोपा" म्हणायचं नाही, "सगळे हाईत" म्हणायचं. गोळ्या चुकतील म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांतून एकदा घ्यायचं डेपो इंजेक्शन लावून दिलं, ते तालुक्याच्या जवळ मिळेल अशी सोय केली. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फोनमध्ये तिच्याच हातानं सेव्ह करून घेतला.

तेव्हापासून अनोळखी असो की ओळखीचा, प्रत्येक पुरुष पेशंटला मी विचारते, फौजेत होता का? आमच्या छापील हिस्टरीच्या कागदावर हा प्रश्न नाही, मी समासात लिहिते. हिंगोलीकडचे, नाईक हुद्द्याचे एक माजी सैनिक असेच निघाले. दारू सुटताना हातपाय कापत होते आणि भिंतीवर माणसं दिसत होती. एटीएमवर वॉचमन होते, तिथंच झोपायचे. त्यांची पेन्शन चालू होती आणि पासबुक दुसऱ्याकडं होतं. एका प्रश्नानं त्यांचं ईसीएचएस कार्ड बाहेर आलं. मराठवाड्याला स्वतःचं प्रादेशिक मनोरुग्णालय मिळण्याची वाट आपण इतकी वर्षं पाहतोय. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही जुनी चारही आपल्यापासून लांब. अशा वेळी ज्याला हक्काचा दुसरा दरवाजा आहे त्याला तो माहीत तरी असावा. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार करतात तो जरूर करावा, पण त्या गावातला कोण त्या यादीत नाही आणि का नाही, हेही एकदा बघावं.

काकांचा पाय भरून आला, एक बोट काढावं लागलं. सैनिक कार्यालयानं बोर्डाच्या शेऱ्याविरुद्ध अपील तयार केलंय. तिथं नाही झालं तर मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडं जायचं ठरलंय. अपिलाला आमच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचंय, आणि पुढच्या इंजेक्शनला पुतण्या त्यांना इकडंच घेऊन येणार आहे, तेव्हा काकांची सही घ्यायची आहे. सही ते स्वतः करतात, नावाखाली नंबरासकट.