कपाटातल्या हत्तीचा नकाशा

लहान मुलांसाठी लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तुमच्यातलं लहान मूल अजून जिवंत असेल ना?" असेल बापडं, पण पुस्तकं ते लिहीत नाही, मी लिहिते, आणि त्यातला बराचसा वेळ पानं मोजण्यात जातो. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून १६ पानांचा एक फॉर्म होतो, असे दोन फॉर्म. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशकाची माहिती वगैरे गेलं की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या १२-१४ जोड्या उरतात. त्यामुळे कल्पनाशक्तीचं काय ते नंतर, आधी हत्ती कपाटातून कुठल्या पानावर बाहेर येणार यावर माझं आणि चित्रकाराचं तासन्‌तास भांडण.

हा हत्ती नव्या पुस्तकातला. एका मुलाच्या कपाटात हत्ती राहतो, बस्स एवढीच गोष्ट. संपादकांना शेवट असा हवा होता की मुलगा मोठा होतो, एक दिवस कपाट उघडतो तर आत नुसते शर्ट. "वाचून दाखवणाऱ्या आईबाबांच्या डोळ्यात पाणी येईल बघा." आलंही असतं. मला मात्र ते पटत नव्हतं आणि का पटत नाहीये ते धड सांगताही येत नव्हतं, मग म्हटलं त्यांच्याच शेवटासकट डमी करू, म्हणजे कच्ची चित्रं चिकटवलेली वही, आणि शाळेत जाऊन वाचून बघू.

दुसरीपासून पाचवीपर्यंतची सगळी पोरं एकत्र बसवलेली, जे मी शक्यतो टाळते, कारण मोठी कंटाळतात आणि छोटी त्यांच्याकडे बघून कंटाळल्याचं नाटक करतात. सुरुवात केली. कपाटात हत्ती राहतो, यावर दुसरीतल्या एकाचीही हरकत नाही. पुढे हत्ती आत जाऊन दार लावून घेतो, तिथे लगेच हात वर. "ताई, आतून कडी कुठेय?" चित्र बघितलं तर खरंच, कडी फक्त बाहेरून. हे मी कायम बघत आलेय, मोठी थाप बिनबोभाट चालते, छोटी लगेच पकडली जाते.

तेवढ्यात मागून पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "पण हत्ती कपाटात मावतच नाही."

मी काही बोलणार तर पुढे बसलेली एक चिमुरडी मागे वळूनही न बघता म्हणाली, "आतून मोठंय."

"किती मोठं?"

"हत्तीएवढं."

"असं नसतं," म्हणून तो वहीत डोकं खुपसून बसला. मला वाटलं, गेला हा आपल्या हातातून.

शेवटचं पान वाचलं. शर्ट. मोठा झालेला मुलगा. कोणाच्याही डोळ्यात पाणीबिणी काही नाही, सरळ चौकशीच बसली. "हत्ती कुठे गेला?" म्हटलं, अरे मुलगा मोठा झाला ना. "मुलगा मोठा झाला. पण हत्ती कुठे गेला?" "त्याला कोणी सांगितलं का जा म्हणून?" "त्याच्या वस्तू कुठेत?" म्हणजे आम्ही मोठे जिथे हुरहुर लावून मोकळे होतो तिथे यांच्यासाठी एक हत्ती बेपत्ता होता आणि त्याची कोणाला पडलेली नव्हती.

मग मागचा तो मुलगा वही घेऊन पुढे आला. वहीत कपाटाचा नकाशा, वरून दिसतो तसा, पट्टीने रेषा मारून. "हत्ती ३ मीटर उंच धरलाय. त्याला वळायला लागेल म्हणून खोली गोल केलीय. ही हवेची भोकं. हे पाणी जायला." आणि मग बोट ठेवून म्हणाला, "समोर शर्ट. शर्टांच्या मागे फळी. फळीच्या मागे हत्ती. शर्ट दिसले म्हणजे हत्ती गेला असं थोडीच आहे." आणि हाच मघाशी मावत नाही म्हणत होता!

मूल मोठं झालं की कल्पनाशक्ती मरते हे लोक इतक्या खात्रीने बोलतात की जणू सगळे अंत्यविधीला हजर होते. मला तसं दिसत नाही. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणायचा की साधारण ७ ते ११ या वयात मुलं मोजमाप, क्रम, कारण यांच्या भाषेत विचार करायला लागतात, आणि आपण त्यातून परस्पर काढलेला अर्थ असा की आता परीकथा बंद. त्या मुलाने परी सोडली नव्हती, तिला किती जागा लागेल ते काढत होता. खरंखोटं तर त्यांना फार आधीपासून कळतं. पॉल हॅरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये एक प्रयोग छापला होता, चार आणि सहा वर्षांच्या मुलांना आधी रिकामा खोका दाखवायचा, मग म्हणायचं की यात एखादा प्राणी आहे अशी कल्पना कर. मुलांना पक्कं माहीत की हे खोटं खोटं आहे, तरी खोलीत एकटं सोडलं की त्यातली बरीच जण खोक्यापाशी जाऊन बघायचीच. माहीत आहे आणि तरी बघतो, या दोन्हीच्या मधल्या जागेवरच तर माझं पोट चालतं. असो.

शेवट बदलला, शर्टांवरच थांबतो पण एक शर्ट जरासा पुढे ढकललेला, मागून कोणीतरी रेलल्यासारखा. संपादक थोडे कुरकुरले, मग मानले. नकाशाही घ्यायचाच होता पण ३२ पानं भरलेली, एक जोडीसुद्धा शिल्लक नाही. चित्रकार म्हणाला, मुखपृष्ठ उघडल्यावर जे जाड पान चिकटवलेलं असतं ना, ते फॉर्ममध्ये मोजत नाहीत, तिथे टाकू. मुलाच्या घरच्यांची लेखी परवानगी मागितली, ती आली, सोबत त्याची अट: खाली स्केल छापायची, १ सेंटिमीटर = १ मीटर. संपादक हो म्हणून मोकळे झाले. दोन दिवसांनी त्याचा परत निरोप, की पुस्तकात नकाशा लहान करून छापणार असाल तर ती स्केल चुकेल, आधी मला पानाचं माप कळवा.